लक्ष्मीबाईंचा धीर

मैत्रिणींनो, धीर सोडू नकोस, हे वाक्य आपण बायका एकमेकींना किती सहज सांगतो! नवऱ्याची नोकरी गेली, मूल आजारी पडले, घरात मृत्यू झाला, की शेजारीण येते, चहा करून देते आणि हेच सांगते. तिचा हेतू चांगलाच असतो. पण ज्या बाईवर वेळ आलेली असते, तिच्या मनात एकच प्रश्न असतो. धीर सोडायचा नाही हे कळते हो, पण तो आणायचा कुठून? गेली काही वर्षे मी संसार सांभाळून एकट्या पडलेल्या बायकांमध्ये काम करते, तेव्हा हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्याचे उत्तर पुस्तकी बोलण्यातून सापडत नाही, एखाद्या माणसाच्या आयुष्यातून मात्र कधीकधी सापडते. आपल्या नाशिकच्याच एका बाईच्या आयुष्यातून ते मला सापडले, म्हणून आज लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगते.

लक्ष्मीबाई म्हणजे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या, एवढे पुष्कळजणींना ठाऊक असते. शाळेच्या पुस्तकात एखादा उतारा वाचलेला असतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या त्या पत्नी, हेही माहीत असते. पण हे पुस्तक लिहिण्याआधी ही बाई कशाकशातून गेली, ते मुळातूनच पाहायला हवे.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका, घरात म्हणायचे मनू. घर कर्मठ ब्राह्मणाचे. त्यातून वडिलांना सोवळ्याओवळ्याचे भयंकर वेड. घरात आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, कुणाचा स्पर्श झाला की पुन्हा अंघोळ. या धुण्यापुसण्यात आईचा आणि मुलांचा जीव मेटाकुटीला येई. गंमत बघा, जी मुलगी अशा घरात वाढली, तिलाच पुढे शिवाशिवीचा सारा पसारा मनातून काढून टाकायचा होता. पण त्याला अजून वीस वर्षे अवकाश होता.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. लिहिणे-वाचणे येत नव्हते. नवरा बुद्धिमान, शीघ्रकवी, संस्कृत जाणणारा, वक्ता. पण संसाराच्या दृष्टीने म्हणाल तर आनंदच! टिळक मनाचे मोठे आणि स्वभावाचे तितकेच तापट. एका नोकरीत टिकायचे नाहीत, एका गावात राहायचे नाहीत. मनात आले की उठून चालू लागायचे, आणि कुठे गेले हे बायकोला दुसऱ्यांकडून कळायचे. हातात पैसा आला की समोरच्या गरजूला देऊन मोकळे. घरात उद्या काय शिजवायचे, ही काळजी एकट्या लक्ष्मीबाईंची. आज आपल्यापैकी कितीतरी जणींना हा संसार ओळखीचा वाटेल. माणूस वाईट नाही, व्यसनी नाही, प्रेमळही आहे, पण भरवशाचा नाही.

त्याच काळात पोटची मुलेही गेली. जगला तो दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक.

टिळकांनी बायकोला अक्षरओळख करून दिली हे खरे. तिची शिकवणी कधी चालायची, कधी रागावण्यात संपायची. तरी त्या काळी नवऱ्याने बायकोच्या हाती पुस्तक दिले, ही साधी गोष्ट नव्हे. पुढे सगळे आधार तुटले तेव्हा हीच अक्षरे कामाला आली.

१८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरचे प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसले. दोन वर्षे मनात घालमेल चालली होती आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. बातमी आली आणि घरावर वीज पडल्यासारखे झाले.

आता जरा त्या काळचा विचार करा. १८९५ साल, नाशिकसारखे तीर्थक्षेत्र, ब्राह्मणाचे घर. नवरा जिवंत आहे, त्यामुळे बाई विधवा नाही. कपाळी कुंकू आहे, पण त्या कुंकवाच्या धन्याला जातीने बाहेर टाकलेले. तिला धड सवाष्ण म्हणता येईना, धड विधवाही म्हणता येईना. हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, हाच लोकांना प्रश्न. वय सत्तावीस, पदरात लहान मूल, हातात पैसा नाही, शिक्षण नाही. नवऱ्याकडे जावे तर धर्म जातो, न जावे तर संसार जातो. आणि मुलाला बाप घेऊन जाईल की काय, ही धास्ती वेगळीच.

ही बाई जीव देईल की काय, अशी भीती जवळच्यांना वाटली. त्यांनी तिच्यावर नजर ठेवली. बहिणीने आधार दिला आणि काही काळ लक्ष्मीबाई तिच्याकडे पंढरपूरला राहिल्या. रडून रडून प्रकृती ढासळली. मग मनातले दुःख कवितेच्या रूपाने बाहेर येऊ लागले. जोडाक्षरे धड लिहिता येत नव्हती, पण ओळी सुचत होत्या.

मला इथे थांबून एक सांगावेसे वाटते. लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगताना पुष्कळदा असे सांगतात, की नवरा ख्रिस्ती झाला, मग पतिव्रता बायकोही त्याच्यामागे गेली. हे खरे नाही! धर्मांतराच्या बातमीपासून त्यांच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यापर्यंत पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत त्या नवऱ्यावर रागावल्या, त्याच्याशी भांडल्या, त्याची वाटही पाहिली. प्रेम तुटले नव्हते, पण केवळ प्रेमापोटी त्यांनी आपला देव बदलला नाही. पुढे त्या टिळकांबरोबर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, राहायला गेल्या, तेव्हाही आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी त्यांनी वेगळे ठेवले होते. आणि टिळकांचा मोठेपणा असा, की त्यांनी बळजबरी केली नाही. एरवी उतावळा असलेला हा माणूस या एका बाबतीत मात्र थांबून राहिला.

लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते आधी शिवाशिवीच्या प्रश्नावर. माणसामाणसांत ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने, असा विचार त्या करू लागल्या. देव सगळ्यांचा बाप असेल, तर एकाच्या हातचे पाणी चालते आणि दुसऱ्याच्या हातचे विटाळते, हे कसे? ज्या मुलीने बापाच्या सोवळ्यापायी सारे घर धुपताना पाहिले होते, तिला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नव्हता. एकदा मनाशी उत्तर मिळाले आणि त्यांनी जातिभेद सोडला तो कायमचा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने, स्वतः विचार करून त्या तिथे पोचल्या. म्हणूनच ती श्रद्धा पुढच्या वादळांत टिकली. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आलेली श्रद्धा पहिल्या वाऱ्यालाच उडून जाते, असे माझे मत आहे, मग ती कुठल्याही धर्माची असो.

बरे, ख्रिस्ती झाल्यावर सुख आले का? तसे काही नाही. नातलग दुरावले ते दुरावलेच. टिळकांचा स्वभावही तोच राहिला. पगार आला की वाटून टाकणे, पाहुण्यांना घरी आणणे, वाटेल तेव्हा निघून जाणे. घरात खडखडाट असायचाच. मग बदलले काय?

बदलले ते असे, की लक्ष्मीबाईंचे घर मोठे झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ आठवा. आपल्या आजी-पणज्या त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, कारण तो विक्रम संवताप्रमाणे १९५६ साली पडला. गावेच्या गावे उठली, आईबापांनी मुले टाकली. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते. त्या मिशनच्या आसऱ्याला अनाथ मुले येऊ लागली. टिळकांच्या घरीही अशी मुले आली. ज्या बाईची स्वतःची मुले मातीआड झाली होती, ती दुसऱ्यांच्या मुलांना न्हाऊ घालू लागली, त्यांना भरवू लागली. कुणाची जात कोणती, हे विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता. त्यातच प्लेगची साथ. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पाहता पाहता गावोगाव पसरला. सख्खे नातलग आजाऱ्याला टाकून पळत होते, अशा दिवसांत लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या उशाशी बसल्या.

मला त्यांच्या धीराचे मूळ इथे दिसते. लक्ष्मीबाई काही जन्मजात शूर नव्हत्या. त्यांना भीती वाटायची, रडू यायचे, रागही यायचा, आणि हे सारे त्यांनी पुस्तकात हसत हसत लिहून ठेवले आहे. पण आपले दुःख वाहणारा कुणीतरी आहे, असा विश्वास त्यांना वाटू लागला. येशू ख्रिस्त त्यांना दुःख सोसलेल्यांचा सोबती वाटला. आपला भार असा एकाच्या खांद्यावर ठेवल्यावर हात मोकळे होतात आणि त्या हातांनी दुसऱ्याचा भार उचलता येतो. त्यांची श्रद्धा मला अशी कामाची वाटते. संकट टळावे म्हणून नवस बोलणारी ती श्रद्धा नव्हती. संकट आहेच, पण आज सकाळी उठून या पोरांना जेवायला घालायचे आहे, एवढे बळ देणारी होती.

नगरच्या घरी एक कोवळा पोरगा राहायला आला. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. टिळकांनी त्याच्यातला कवी ओळखला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईसारखे जपले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ साली, टिळकांनी संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवून साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला होता. म्हणजे पुन्हा घडी विस्कटली, आणि लक्ष्मीबाईंनी पुन्हा नव्याने मांडामांड केली. बालकवींना जाऊन वर्ष होते न होते तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक गेले.

पन्नाशी उलटलेली बाई. चाळीस वर्षांचा भांडणाचा आणि प्रेमाचा जोडीदार गेला. साठवलेला पैसा नाही, कारण तो साठलाच कधी नव्हता! पण १८९५ सालची लक्ष्मी आणि १९१९ सालची लक्ष्मीबाई यांत जमीनअस्मानाचा फरक पडला होता. आता तिच्यावर कुणाला नजर ठेवावी लागली नाही. लक्ष्मीबाईंनी मुंबईत मेट्रनची नोकरी धरली. शाळा न पाहिलेली ही बाई दुसऱ्यांच्या मुलींवर देखरेख करू लागली. पुढे त्या मुलाच्या कुटुंबाबरोबर थेट कराचीला गेल्या. परका प्रांत, परकी भाषा, तरी तिथेही त्यांनी माणसे जोडली. कीर्तन हा आपल्या मातीतला प्रकार त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगायला वापरला. धर्म बदलला म्हणून त्यांनी मराठी बोली, ओवी, अभंग यांतले काही टाकून दिले नाही.

आणि आता त्यांचे सर्वांत मोठे काम ऐका. टिळक ख्रिस्तायन नावाचे ओवीबद्ध महाकाव्य लिहीत होते. जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले आणि ते गेले. एवढ्या मोठ्या कवीचे अपुरे काव्य पुरे कोण करणार? ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. एक नाही, दोन नाही, तब्बल ६४ अध्याय त्यांनी रचले! ज्या बाईला नवऱ्याने ग म भ न शिकवले, तिने नवऱ्याचे काव्य पुरे केले. वाट पाहत बसली असती तर ते झाले नसते. रोज थोडे थोडे, जमेल तसे, घरकाम सांभाळून केले म्हणून झाले.

स्मृतिचित्रेचा जन्मही असाच. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. लक्ष्मीबाई लिहीत गेल्या, आणि नवऱ्याच्या चरित्रासाठी म्हणून सुरू झालेले ते लेखन त्यांचे स्वतःचे चरित्र होऊन बसले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्याला नावाजले. पुढे इंग्रजीतही ते गेले. त्याची भाषा अशी, की आपली एखादी आजी ओसरीवर बसून सांगते आहे. कुणावर राग नाही, रडगाणे नाही, स्वतःची थोरवी तर नाहीच. सोवळ्यात अडकलेले वडील असोत की वाऱ्यावर सोडून जाणारा नवरा असो, सगळ्यांकडे त्या हसून आणि माया ठेवून पाहतात. अखेरची वर्षे नाशिकला काढून २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनी डोळे मिटले.

लक्ष्मीबाईंचे नाव निघाले की पंडिता रमाबाईंची आठवण होतेच. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे केडगावला मुक्तिसदन उभे केले. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, देशोदेशी फिरलेल्या. त्यांच्यापुढे आपण नुसते हात जोडतो. लक्ष्मीबाई मात्र आपल्यातल्या वाटतात. स्वयंपाकघरातून बाहेर न पडलेल्या, हिशेबाला पैसे न पुरणाऱ्या, नवऱ्यावर चिडणाऱ्या. त्यांना जमले तर आपल्यालाही थोडेफार जमेल, असे वाटते.

मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावणारी बाई. कुणी धर्म बदलावा असे मला सुचवायचे नाही. एखादीला पांडुरंग धीर देईल, एखादीला बुद्धवंदना, एखादीला नमाज, तर एखादीला रविवारची उपासना. पण श्रद्धा कशाला म्हणायचे, एवढे मात्र या आयुष्यातून शिकता येते.

एक म्हणजे, मोठ्या धक्क्यानंतर लगेच निर्णय घ्यायची घाई नको. लक्ष्मीबाईंनी पाच वर्षे घेतली. बाईला माहेरी आणली की आठव्या दिवशी घरचे विचारतात, आता पुढे काय? अहो, तिला आधी चार घास सुखाने खाऊ द्या. लक्ष्मीबाईंना बहिणीचे घर मिळाले, म्हणून त्या वाचल्या. आपण कुणाची अशी बहीण होऊ शकतो का, हे पाहावे.

दुसरे, दुःख मनात कोंडू नये. लिहिता येत असेल तर वहीत लिहावे, नसेल तर ओवी म्हणावी, मैत्रिणीशी बोलावे. शुद्धलेखन कुणी तपासायला येत नाही.

तिसरे, आपल्या दुःखातून उठून दुसऱ्याचे एक काम करावे. माझ्या कामात मी हे पुन्हा पुन्हा पाहते. जी बाई आठवडाभर अंथरुणातून उठत नव्हती, ती शेजारणीच्या बाळंतपणाला धावून जाते आणि तिची स्वतःची पावले सावरतात.

आणि चौथे महत्त्वाचे. श्रद्धा म्हणजे निमूटपणे मार खाणे नव्हे. देवाचे नाव घेऊन सोसत राहा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा फोन क्रमांक आहे. मदत मागणे हाही धीरच आहे. लक्ष्मीबाईंनी प्रेम केले, पण पटले नाही तिथे मान हलवली नाही.

स्मृतिचित्रे बहुतेक गावांच्या वाचनालयात मिळते. नाशिकच्या मैत्रिणींना तर १८४० सालचे सार्वजनिक वाचनालय आहेच. दुपारची कामे आटोपली की रोज चार पाने वाचा, सासूबाईंनाही वाचून दाखवा. कितीतरी ठिकाणी दोघी मिळून हसाल, आणि एखाद्या पानावर दोघींचेही डोळे भरून येतील.